सुट्टी की खाडा?

स्वतंत्रपणे, कामागणिक मोबदला घेऊन काम करणाऱ्यांची संख्या वाढते आहे. वेळेचे मालक असलेल्या या मंडळींना विश्रांतीसाठी मात्र वेळ सापडत नाही. त्याचा हिशेब शरीर, मन आणि घर ठेवत असते.

रविवारची सुट्टी आपल्याला कुणी आपणहून दिलेली नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांतले कामगार एकेकाळी उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत राबत, आणि आठवड्यातला एक दिवस हक्काने घरी बसावे अशी सोय त्यांना नव्हती. महात्मा फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी करून ज्या मागण्या मांडल्या, त्यांत आठवड्याला एक पूर्ण दिवस सुट्टी ही प्रमुख मागणी होती. १८९० च्या एप्रिलमध्ये मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली आणि तिथे दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली.

त्या सुट्टीसाठी सहा वर्षे झगडावे लागले. आज मात्र एका मोठ्या वर्गाच्या आयुष्यातून तोच रविवार गाजावाजा न होता निघून चालला आहे. अनुवादक, ग्राफिक डिझायनर, व्हिडिओ संकलक, संगणक प्रणाली लिहिणारे, घरी शिकवण्या घेणारे, लग्नाचे छायाचित्रकार, कंत्राटावर काम करणारे अभियंते, घरोघरी जाणारे फिजिओथेरपिस्ट अशी ही यादी लांबत जाते. यांचा रविवार कुणी हिरावून घेतलेला नाही. त्यामुळे तो परत मागायचा तर अर्ज कुणाकडे करायचा, हाही प्रश्नच आहे. इथे गिरणीमालकही तेच आणि कामगारही तेच.

नीती आयोगाने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, नेहमीच्या नोकरीच्या चौकटीबाहेर कामागणिक कमावणारे म्हणजे ‘गिग’ कामगार भारतात २०२०-२१ मध्ये ७७ लाख होते. २०२९-३० पर्यंत ही संख्या २ कोटी ३५ लाखांवर जाईल, असा आयोगाचा अंदाज आहे. यांपैकी अनेक जण अशा कामाकडे वळतात ते ‘आपल्या वेळेचे आपण मालक’ होण्यासाठी. मुलाला शाळेतून आणता यावे, आईवडिलांना दवाखान्यात नेता यावे, दुपारी तासभर पडता यावे, अशी साधी अपेक्षा असते. दोन-तीन वर्षांनी पाहावे तर मूल शाळेतून येते तेव्हा फोन कानाला असतो, आणि दवाखान्याच्या बाकावर बसूनही ईमेलला उत्तरे दिली जातात. असे का होते?

सुट्टीला चिकटलेली किंमत

मराठीत कामावर न जाण्यासाठी दोन वेगळे शब्द आहेत. पगारदार माणूस रजा घेतो, रोजंदारीवरच्या माणसाचा खाडा होतो. रजेत दिवस आपला असतो आणि पगारही चालू असतो. खाड्यात दिवस जातो आणि त्या दिवसाची मजुरीही जाते. स्वतंत्र व्यावसायिक कितीही शिकलेला असो, त्याच्या कामाला कितीही झगझगीत नाव असो, हिशेबाच्या दृष्टीने तो रोजंदारीवरच असतो. त्याच्यासाठी प्रत्येक सुट्टी म्हणजे खाडा.

या जाणिवेचा मनावर परिणाम होतो आणि तो प्रयोगांत दिसलेला आहे. संशोधक सॅनफर्ड डीव्हो आणि ज्युलियन हाउस यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही सहभागींना आपल्या एका तासाची कमाई किती होते, याचा हिशेब करायला लावला आणि मग त्यांना मोकळा वेळ दिला. आपल्या वेळेकडे पैसा म्हणून पाहू लागलेले लोक मोकळ्या वेळात अधिक उतावीळ झाले आणि त्यांना त्यातला आनंदही कमी मिळाला. कानावर सुंदर संगीत पडत असतानाही त्यांचे मन घड्याळाकडे होते. तासावर दर आकारणाऱ्यांना हा हिशेब कुणी मुद्दाम करायला लावावा लागत नाही. तो रोजच डोक्यात चालू असतो. नाटकाला जायचे तर तिकिटाच्या किमतीत त्या तीन तासांची न झालेली कमाईही मनातल्या मनात मिळवली जाते.

दुसरी अडचण अनिश्चिततेची. कॉलिन कॅमरर, रिचर्ड थेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये न्यूयॉर्कच्या टॅक्सीचालकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. धंदा चांगला असेल त्या दिवशी चालक लवकर घरी जात आणि मंदीच्या दिवशी जास्त वेळ गाडी चालवत, असे त्यांना आढळले. दिवसाचा ठरावीक गल्ला भरायचा, असा त्यांचा हिशेब असावा. पुढे अधिक मोठी आकडेवारी तपासल्यावर हा कल सगळ्या चालकांना लागू नाही, असेही अर्थतज्ज्ञांनी दाखवले. पण त्या जुन्या अभ्यासातले मर्म स्वतंत्र काम करणाऱ्या कुणालाही ओळखीचे वाटेल. आजचा गल्ला भरला की नाही, यावर विश्रांती ठरते. ज्यांचा गल्ला भरल्याची खूणच कुठे नसते, त्यांचे तर विचारूच नका. काम असते तेव्हा वेळ नसतो. वेळ असतो तेव्हा काम का नाही, याची चिंता असते.

शरीराचा हिशेब

जास्त तास काम करण्याचा शरीराशी असलेला संबंध आता अंदाजाचा राहिलेला नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये एकत्रित अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा त्याहून अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के जास्त आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या आजाराने मृत्यू येण्याचा धोका सुमारे १७ टक्के जास्त असल्याचे त्यात दिसले. २०१६ या एका वर्षात जगभरात अशा दीर्घ कामामुळे ७ लाख ४५ हजार मृत्यू झाले, असा या संघटनांचा अंदाज आहे. त्यात आग्नेय आशिया विभागाचा वाटा मोठा होता आणि भारत याच विभागात येतो.

यामागची यंत्रणा समजून घेण्यासारखी आहे. काम अंगावर आले की शरीर सज्ज होते. अ‍ॅड्रेनालिन वाढते, हृदयाचे ठोके आणि रक्तदाब चढतो, कॉर्टिसॉल हे संप्रेरक रक्तात साखरेची सोय करते. ही सज्जता वाईट नाही. मुदतीच्या आदल्या रात्री तीच कामाला येते. अट एकच असते. काम संपल्यावर हे सगळे पुन्हा खाली उतरले पाहिजे. निरोगी माणसात कॉर्टिसॉल पहाटे वर जाते आणि दिवसभर उतरत रात्री सर्वांत कमी होते. उतरायला वेळच मिळाला नाही, तर आजचा थकवा उद्याच्या कामात मुद्दलासारखा जमा होतो आणि परवा त्यावर व्याज चढते. श्रम आणि भरपाई यांचे हे गणित नेदरलँड्सच्या मानसशास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात मांडले. त्याचा गाभा असा, की थकवा हा दोष नाही, न भरून निघालेला थकवा हा दोष आहे.

यात आणखी भर पडते ती रात्रीच्या कामाची. पुण्यात किंवा नाशिकमध्ये बसून अमेरिकेतल्या ग्राहकाचे काम करणाऱ्याची घड्याळे दोन असतात. न्यूयॉर्कला उन्हाळ्यात सकाळचे दहा वाजतात तेव्हा इथे संध्याकाळचे साडेसात झालेले असतात, आणि तिथल्या दुपारी तीनच्या बैठकीला इथे मध्यरात्र उलटून अर्धा तास झालेला असतो. आपल्या पेशींमध्ये दिवसरात्रीचे घड्याळ असते. त्याची रेण्वीय यंत्रणा उलगडणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हे घड्याळ ग्राहकाच्या देशाप्रमाणे लावता येत नाही, ते खिडकीबाहेरच्या सूर्याप्रमाणेच चालते. रात्री प्रखर उजेडात बसल्याने झोपेची चाहूल देणारे मेलाटोनिन उशिरा स्रवते. त्यातही कधी रात्री काम, कधी दिवसा, अशी धरसोड असेल तर घड्याळाला कुठलीच लय सापडत नाही. रात्रपाळीचे काम ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात आहे, असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये सांगितले आणि २०१९ च्या फेरआढाव्यातही ते वर्गीकरण कायम ठेवले. एखाद्या रात्रीच्या जागरणाने घाबरून जाण्याचे कारण नाही. वर्षानुवर्षे तोच रिवाज होणार असेल तर मात्र कमाईच्या हिशेबात हा खर्चही धरायला हवा.

जास्त तासांनी काम तरी जास्त होते का? पहिल्या महायुद्धात ब्रिटनमधल्या दारूगोळ्याच्या कारखान्यांत कामगार आठवड्याला ७० तास आणि त्याहून जास्त राबत होते. तेव्हा नोंदवलेली आकडेवारी अर्थतज्ज्ञ जॉन पेनकाव्हेल यांनी २०१४ मध्ये पुन्हा तपासली. सुमारे ५० तासांनंतर प्रत्येक वाढीव तासाला मिळणारे उत्पादन घसरत गेले होते. आठवड्याला ७० तास काम करणाऱ्यांचे उत्पादन ५६ तासवाल्यांपेक्षा फारसे जास्त नव्हते. मधले चौदा तास जवळजवळ वाया गेले होते. संगणकासमोरचे काम वेगळे असले तरी रात्री एक वाजता केलेला अनुवाद सकाळी दहाला पुन्हा करावा लागल्याचा अनुभव अनेकांना असेलच.

देह घरी, मन कामावर

दिवसाला आठच तास काम करणारेही कधी कधी कायम थकलेले असतात. त्यांचे तास मोजले तर जास्त भरत नाहीत. पण काम कधी बंदच होत नसते. जर्मन मानसशास्त्रज्ञ झाबिने झोनेनटाग गेली दोन दशके याच प्रश्नाचा अभ्यास करत आहेत. २००७ मध्ये शार्लोट फ्रिट्झ यांच्यासह त्यांनी खऱ्या विश्रांतीचे चार घटक मांडले. कामापासून मनाने दूर होणे हा पहिला. अंग सैल सोडणे हा दुसरा. कामाबाहेरचे काही शिकणे वा त्यात रमणे, म्हणजे पेटी वाजवणे, पोहणे, बाग करणे, हा तिसरा. आणि मोकळ्या वेळात काय करायचे ते आपण स्वतः ठरवणे हा चौथा. यांत पहिल्या घटकाचे महत्त्व पुन्हा पुन्हा दिसून आले आहे. संध्याकाळी मनाने काम सोडू शकणारे लोक अधिक चांगले झोपतात आणि दुसऱ्या दिवशी अधिक ताजे असतात.

कचेरीत जाणाऱ्याला मनाने बाहेर पडायला काही पायऱ्या आपोआप मिळतात. संगणक बंद होतो, जिना उतरला जातो, लोकल पकडली जाते, स्टेशनवर भाजी घेतली जाते. त्या तासाभरात कचेरी मागे पडते. घरून काम करणाऱ्याची कचेरी जेवणाच्या टेबलावर असते आणि तिथेच मागे सरकवून ताटे मांडली जातात. शिवाय एकाच वेळी तीन-चार ग्राहकांची कामे हातात असतात. एक काम अर्धे टाकून दुसरे घेतले की पहिल्याचा अंश डोक्यात रेंगाळत राहतो, असे सोफी लरॉय यांनी २००९ मध्ये प्रयोगांतून दाखवले. जेवताना मुलगी शाळेतली गंमत सांगत असते आणि बाबा मान डोलावत असतात. त्यांच्या डोक्यात मात्र एक अर्धवट मसुदा फिरत असतो.

यावर एक अगदी साधा उपाय संशोधनातून पुढे आला आहे. अमेरिकेतील बेलर विद्यापीठात २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ५७ तरुणांना झोपण्यापूर्वी पाच मिनिटे लिहायला सांगितले. निम्म्यांनी झालेली कामे लिहिली, निम्म्यांनी पुढच्या दिवसांत करायची. करायच्या कामांची यादी लिहिणाऱ्यांना सुमारे नऊ मिनिटे लवकर झोप लागली, आणि यादी जितकी नेमकी तितकी झोप लवकर. प्रयोग छोटा होता, पण त्यामागचे तर्कशास्त्र इतर अभ्यासांशी जुळते. अर्धवट राहिलेले काम पूर्ण झाले नाही, तरी ते कधी आणि कसे करायचे हे ठरले की मन त्याचा पिच्छा सोडते.

‘घरीच तर असतेस’

घर आणि काम यांची ही सरमिसळ सगळ्यांना सारखी सोसावी लागत नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत होत्या आणि घरकामात हात लावणारे पुरुष ९७ मिनिटे. घरून काम करणारा पुरुष ‘कामात आहे’ म्हणून त्याच्या खोलीचे दार लोटून घेतले जाते. घरून काम करणाऱ्या स्त्रीला मात्र ‘तू घरीच तर असतेस’ हे वाक्य ऐकावे लागते. गॅस सिलिंडर, कुरिअर, मुलाचा डबा, सासूबाईंचे औषध ही सगळी कामे ‘घरीच’ असणाऱ्या माणसाकडे आपोआप वळतात. मग पैशाचे काम घर झोपल्यावर सुरू होते. तिच्या वाट्याची विश्रांती दोन्हीकडून कापली जाते.

बाळंतपणात हा फरक आणखी टोकदार होतो. पात्र नोकरदार स्त्रीला पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा कायद्याने मिळते. स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्या स्त्रीला अशी रजा देणारा मालकच नसतो. ‘आता थांबले तर ग्राहक दुसरीकडे जातील’ या भीतीने अनेक जणी महिन्या-दीड महिन्यात पुन्हा लॅपटॉप उघडतात. बाळंतपणानंतरचा थकवा, झोपमोड आणि उदासी यांच्या काळात ही घाई महागात पडू शकते. म्हणूनच त्या काळाचा खर्च आधीपासून बाजूला काढणे ही चैन नाही, ती आरोग्याची तरतूद आहे.

मुलांच्या बाजूनेही पाहायला हवे. एडवर्ड ट्रॉनिक यांचा १९७० च्या दशकातला प्रयोग प्रसिद्ध आहे. आई बाळाशी खेळता खेळता अचानक निर्विकार चेहरा करून बसते. बाळ आधी हसून, हात हलवून तिचे लक्ष वेधते आणि थोड्याच वेळात कासावीस होऊन रडू लागते. समोर बसलेली पण प्रतिसाद न देणारी आई त्याला कळत नाही. फोनमध्ये बुडालेल्या पालकाचा चेहरा काहीसा असाच असतो. याचा अर्थ पालकांनी काम करू नये असा नाही. आई कामात आहे आणि सहा वाजता बाहेर येणार आहे, हे मुलांना समजते आणि झेपते. ती समोर आहे की नाही याचाच पत्ता नसणे त्यांना जड जाते.

विश्रांतीचे मूळ दरात

‘कामाचे तास कमी करा’ हा सल्ला द्यायला सोपा आहे. पण पुढच्या महिन्याचे घरभाडे कुठून येणार, हे ठाऊक नसलेल्या माणसाला तो देण्यात अर्थ नाही. पैशाची ओढाताण विचारशक्तीवरही ताण आणते. २०१३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात तमिळनाडूतल्या ऊस उत्पादक शेतकऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याच शेतकऱ्यांची तोडणीपूर्वी, म्हणजे हात आखडलेले असताना, आणि तोडणीनंतर पैसे हाती आल्यावर अशी दोनदा बौद्धिक चाचणी घेतली गेली. तोडणीपूर्वी त्यांची कामगिरी कमी दिसली. माणसे तीच होती, पण चिंतेने डोक्यातली बरीच जागा व्यापली होती. बिल निघालेले नसताना स्वतंत्र व्यावसायिकाची अवस्था तोडणीपूर्वीच्या शेतकऱ्यासारखीच असते.

म्हणून विश्रांतीची सुरुवात दर ठरवण्यापासून होते. एक उदाहरण घेऊ. वर्षाचे दिवस ३६५. त्यांतून ५२ रविवार, २६ शनिवार, सणांचे १२ दिवस, घरच्यांबरोबरच्या सुट्टीचे १५ आणि आजारपण-अडीअडचणीचे १० दिवस काढले, तर ११५ दिवस जातात. उरले २५०. त्यांतले साधारण ५० दिवस बिले, हिशेब, नवे काम शोधणे, नवे शिकणे यांत जातात आणि त्याचे पैसे कुणी देत नाही. म्हणजे पैसे मिळवून देणारे दिवस २००. घरखर्च, व्यवसायाचा खर्च, कर, आरोग्यविमा आणि बचत मिळून वर्षाला आठ लाख रुपये लागत असतील, तर दिवसाचा दर चार हजार हवा. अनेक जण हा भागाकार ३६५ ने करतात आणि सुमारे २,१९० रुपयांवर येतात. त्या दराने २०० दिवसांत ४ लाख ३८ हजार रुपयेच जमतात. उरलेली तूट मग रविवार, गणपती आणि मे महिना विकून भरावी लागते.

दराइतकेच महत्त्व पैसे वेळेवर मिळण्याला आहे. ‘उद्यम’ नोंदणी केलेल्या सूक्ष्म आणि लघु व्यावसायिकांना २००६ च्या कायद्याचे संरक्षण आहे. लेखी करार नसेल तर काम स्वीकारल्यापासून १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे देणे खरेदीदारावर बंधनकारक आहे. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज देय होते. सेवा देणारेही ही नोंदणी करू शकतात. बिलावर मुदत आणि नोंदणी क्रमांक छापला की आठवणीचे फोन करण्याची वेळ कमी येते. त्यापुढची पायरी म्हणजे तीन ते सहा महिन्यांच्या खर्चाइतकी रक्कम वेगळ्या खात्यात साठवणे आणि तिथून स्वतःला दरमहा ठरावीक ‘पगार’ देणे. कमाई लहरी राहिली, तरी घराला ती लहर जाणवत नाही.

सुट्टी किती आणि कशी

वर्षभर राबायचे आणि एकदाच मोठी सहल काढायची, हा अनेकांचा बेत असतो. संशोधन त्याला फारशी साथ देत नाही. जेसिका द ब्लूम आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासांत सुट्टीत तब्येत आणि मनःस्थिती सुधारलेली दिसते, पण परतल्यावर आठवडाभरातच ती बहुतेक पूर्वपदावर येते. यावरून सुट्टी निरुपयोगी ठरत नाही. झोपही एका रात्रीची पुढच्या आठवड्याला पुरत नाही, म्हणून कुणी झोपणे सोडत नाही. बोध इतकाच, की विश्रांती साठवून ठेवता येत नाही. ती रोज थोडी, आठवड्याला एक दिवस आणि वर्षातून दोन-तीनदा काही दिवस अशी विभागून घ्यावी लागते.

हंगामी विश्रांतीची रीत आपल्या समाजाला नवी नाही. पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात, जाळी विणली जातात, डागडुजी होते. माशांच्या पैदाशीसाठी आणि खवळलेल्या समुद्रापासून बचावासाठी असलेली ही बंदी कोळीवाड्याच्या वर्षाला एक लय देते. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. चातुर्मासात लग्नाचे मुहूर्त नसत, म्हणून मांडववाल्यांपासून वाजंत्रीवाल्यांपर्यंत सगळ्यांना उसंत मिळे. आजच्या स्वतंत्र व्यवसायांनाही असे हंगाम आहेत. दिवाळी अंकांसाठी काम करणारे चित्रकार आणि मुद्रितशोधक पावसाळ्यात बुडालेले असतात आणि दिवाळीनंतर मोकळे होतात. करसल्लागारांचा जुलै जड जातो. आपल्या व्यवसायातली भरती-ओहोटी मागच्या दोन वर्षांच्या बिलांवरून सहज दिसते. ओहोटीचा काळ चिंतेत घालवण्याऐवजी तोच सुट्टीचा काळ म्हणून आधी जाहीर केला, तर खाडा टळतो.

घरातला करार

ग्राहकाशी लेखी करार करणारे लोक घरच्यांशी मात्र सगळे गृहीत धरून चालतात. आठवड्यातून एकदा, रविवारी सकाळी चहाच्या वेळी, पंधरा मिनिटे बसून पुढच्या आठवड्याचे वेळापत्रक एकत्र ठरवले तर बऱ्याच कुरबुरी टळतात. कुठले दोन दिवस धावपळीचे आहेत, मुलाला कोण आणणार, कुठली संध्याकाळ कामाला बंद, हे सगळ्यांसमोर ठरावे. त्याबरोबर पुढील काही सवयी उपयोगी पडतात.

* कामाची जागा ठरावीक ठेवावी. वेगळी खोली नसेल तर निदान एक कोपरा. पलंगावर बसून काम करू नये.
* दिवस संपवण्याचा एक क्रम ठेवावा. उद्याची यादी लिहावी, लॅपटॉप कपाटात ठेवावा आणि पायी एक फेरी मारून यावे. ही फेरी म्हणजे घरून काम करणाऱ्याची लोकल.
* कामाचे संदेश वेगळ्या क्रमांकावर घ्यावेत आणि उत्तर देण्याची वेळ ग्राहकाला सुरुवातीलाच सांगावी. बहुतेक ग्राहकांना तातडीच्या उत्तरापेक्षा खात्रीचे उत्तर हवे असते.
* मुदत देताना अंदाजाला एक-दोन दिवस जोडावेत. मूल तापाने फणफणले तर तेवढी जागा हवी.
* रात्रीचे काम टळत नसेल तर आठवड्यातले दिवस ठरवून घ्यावेत आणि उठण्याची वेळ शक्यतो बदलू नये.
* त्याच क्षेत्रातल्या दोन-तीन विश्वासू सहकाऱ्यांशी आजारपणात एकमेकांचे काम सांभाळण्याचा शब्द घ्यावा.

काही लक्षणे दिसली तर मात्र सवयी बदलून भागणार नाही. सुट्टी घेऊनही थकवा न जाणे, पूर्वी आवडणाऱ्या कामाचा तिटकारा येणे, सतत चिडचिड, हातून वारंवार चुका होणे, झोप न लागणे असे दोन-तीन आठवडे चालले तर डॉक्टरांना दाखवावे. जागतिक आरोग्य संघटनेने कामाच्या न सावरलेल्या ताणातून येणाऱ्या अशा कोमेजलेपणाची २०१९ मध्ये आपल्या वर्गीकरणात नोंद केली आहे. थायरॉइड, रक्तक्षय, मधुमेह आणि नैराश्य यांची लक्षणेही अशीच असू शकतात, म्हणून स्वतःच निदान करून बसू नये. छातीत दुखणे, एका बाजूची शक्ती जाणे, बोलताना जीभ जड होणे यांत तर एक मिनिटही न दवडता रुग्णालय गाठावे. मन फारच खचले असेल तर केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे. स्वतंत्र व्यावसायिकाला वार्षिक तपासणीची आठवण करून देणारी कंपनी नसते. चाळिशीनंतर रक्तदाब आणि साखर वर्षातून एकदा तपासण्याची तारीख त्याने स्वतःच ठरवायला हवी.

नवे वर्ष लागले की बहुतेक जण दिनदर्शिकेत आधी कामाच्या मुदती लिहितात आणि उरलेल्या जागेत घर बसवतात. हा क्रम उलटा करून पाहावा. आधी रविवार, मुलांच्या परीक्षा, गणपती, आईच्या डोळ्यांची तपासणी, मे महिन्यातले दहा दिवस यांवर खूण करावी. मग उरलेल्या दिवसांत किती काम बसते ते मोजावे आणि तेवढेच घ्यावे. पहिल्या वर्षी हे पुरते जमणार नाही. काही खुणा खोडाव्या लागतील, एखादे काम नाकारताना हात थरथरेल. तरीही बाराऐवजी वीस रविवार जरी हाती लागले, तरी त्या वर्षी घरात आठ दिवस जास्त मिळाले.